पळणे रक्तात असते का?

नगरहून जामखेडला येताना वाटेत बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका लागतो. याच तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये दुसरा आला. तीन हजार मीटर अंतर, वाटेत २८ अडथळे आणि शिवाय पाण्यावरच्या ७ उड्या, अशी ही शर्यत असते. त्याआधीच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांच्या या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. साबळेची वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद. पहिल्या आलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा ती एका सेकंदाच्या विसाव्या भागाने जास्त होती.

जामखेडला शिक्षकांच्या एका बैठकीत हा विषय निघाला. एक क्रीडाशिक्षक म्हणाले, "सर, पळणं रक्तातच असावं लागतं. आम्ही नुसती शिट्टी वाजवून काय होणार?" त्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "मग केनियाचं रक्त मांडव्यात कुठून आलं हो?" सगळे हसले आणि उत्तरासाठी माझ्याकडे पाहू लागले. तेव्हा मला जे नीट सांगता आले नाही, ते येथे सांगतो.

हा वाद दीडशे वर्षांचा आहे. डार्विनचा नातलग फ्रान्सिस गॅल्टन याने १८६९ साली आनुवंशिक बुद्धिमत्तेवर ग्रंथ लिहिला. त्यात न्यायाधीश, सेनापती, कवी यांच्याबरोबर एक प्रकरण होड्या वल्हवणाऱ्यांवर आणि एक उत्तर इंग्लंडमधील पैलवानांवर आहे! एकाच घरात अनेक पैलवान निपजतात, म्हणून कुस्ती वंशातून येते, असा त्याचा निष्कर्ष.

गॅल्टनला खाशाबा जाधवांचे घर दाखवले असते तर तो हरखून गेला असता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वडील दादासाहेब पैलवानच. पण मुलाला पाचव्या वर्षी तालमीची लाल माती दाखवली तीही याच दादासाहेबांनी. जनुके आणि तालीम दोन्ही एकाच हातून मिळाली, तर त्यांची वाटणी कशी करायची? शिवाय खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ते घर गॅल्टनच्या कोणत्या रकान्यात बसते?

ही वाटणी करण्याचा एक चांगला प्रयत्न अमेरिका व कॅनडातील संशोधकांनी १९९२ पासून केला. त्याचे नाव हेरिटेज. व्यायामाची सवय नसलेल्या ९८ कुटुंबांतील ४८१ जणांना त्यांनी २० आठवडे एकाच पद्धतीने सायकल चालवायला लावली. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरते, हे आधी व नंतर मोजले. सरासरी वाढ सुमारे ४०० मिलिलिटर होती. पण काहींची वाढ जवळजवळ शून्य, तर काहींची एक लिटरच्याही वर! एका कुटुंबातील माणसांची वाढ एकमेकांशी बरीच जुळत होती. १९९९ साली निष्कर्ष आला, की या फरकातील आनुवंशिकतेचा वाटा जास्तीत जास्त ४७ टक्के असावा.

हा आकडा वर्गात सांगताना मात्र जपावे. एखाद्या धावपटूची निम्मी दौड आईबापांची, असा त्याचा अर्थ नाही. निरनिराळ्या वाणांची ज्वारी एकत्र करून एकसारख्या काळ्या रानात पेरली, तर ताटांच्या उंचीतला फरक बहुतेक बियाण्याचा असेल. तेच मिश्रण अर्धे काळीत व अर्धे मुरमाड माळावर पेरले, तर जमिनीचा वाटा एकदम वाढेल. बियाणे तेच राहील, टक्केवारी मात्र बदलेल. हेरिटेजमध्ये व्यायाम सर्वांना सारखा होता. आपल्या तालुक्यांत मुलांचे अन्न सारखे नाही, मैदानही नाही.

मग प्रत्यक्ष जनुके सापडली का? सापडली. ईरो मेंतिरांता हा फिनलंडचा बर्फावर घसरत धावणारा खेळाडू. त्याने १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. त्याचे रक्त इतके दाट, की उत्तेजकाचा संशय घेतला गेला. १९९३ साली कळले, की त्याच्या घराण्यातच एका जनुकात बदल असून त्यामुळे तांबड्या पेशी जास्त तयार होतात. पण असे उदाहरण अगदी विरळा. १९९८ साली एसीई जनुकाचा एक प्रकार प्राणवायूच्या नळकांड्याविना उंच शिखरे चढणाऱ्या ब्रिटिश गिर्यारोहकांत जास्त आढळला आणि मोठा गाजावाजा झाला. पुढे २००५ साली केनियाच्या अव्वल धावपटूंत तो तपासला, तर सामान्य केनियन माणसांहून काही वेगळे दिसले नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियात एसीटीएन३ची पाळी आली. वेगाने आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंतील एक प्रथिन या जनुकामुळे बनते. अव्वल वेगवान धावपटूंत ते नसलेला माणूस क्वचितच आढळतो. पण जगातील बहुसंख्य लोकांत ते असतेच. तुमच्या वर्गातील बहुतेक मुले या परीक्षेत पास होतील, मग निवड काय करणार? २०१५ साली या विषयातील तज्ज्ञांनी एकत्रितपणे सांगितले, की मुलांमधील गुणवत्ता हेरण्यासाठी बाजारातल्या जनुक-चाचण्या वापरू नयेत. तरीही त्या विकल्या जातात.

आता साबळेकडे पाहा. शेतकरी घर, आणि शाळा सहा किलोमीटरांवर. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला. पळण्याच्या स्पर्धांत तो सैन्यातच उतरला, तोही विशीत. स्टीपलचेस त्याहून नंतर. २०१८ साली त्याने गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२३ साली आशियाई सुवर्ण मिळवले. त्याच्या जनुकांत काही विशेष असेलही. पण सैन्यात गेला नसता तर ते कोणाला कळले असते?

त्या क्रीडाशिक्षकांचे पुढे पत्र आले. चाचणी नाही, तर तालुक्याला मुले निवडायची कशी? मी हेरिटेजमधलीच एक गोष्ट कळवली: सुरुवातीची क्षमता पाहून कोण किती वाढेल, याचा जवळजवळ काहीच अंदाज येत नाही. आपण मात्र एका सकाळी सगळ्यांना पळवतो, पहिले तीन निवडतो आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवतो. त्याऐवजी जूनमध्ये सगळ्यांच्या वेळा वहीत लिहाव्यात, बारा आठवडे सगळ्यांनाच पळवावे आणि पुन्हा घड्याळ लावावे. त्यांनी यंदा सहावी-सातवीच्या मुलामुलींची अशी वही घातली आहे.