‘चालायचंच’ म्हणण्याआधी

आमच्या बचत गटाची बैठक हप्त्यांच्या हिशेबाने सुरू होते आणि बहुतेक वेळा अंगावर काढलेल्या दुखण्यांवर येऊन थांबते. मागच्या पावसाळ्यात आमची एक सभासद खुरपणीवरून थेट बैठकीला आली. तिला पाचवा महिना लागला होता. खाली बसताना तिने ओटीपोटाच्या उजव्या बाजूला हात दाबला. विचारलं, तर म्हणाली, “उठता-बसता जांघेपर्यंत चमक जाते.” आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, “पोट वाढतंय, चालायचंच!” आणि पुन्हा हप्ते मोजायला लागलो.

हा ‘चालायचंच’ आमच्या तोंडी आला कुठून? जुन्या ग्रंथांत तर असं नव्हतं. चरकसंहितेत गरोदर बाईने कोणत्या महिन्यात काय खावं हे सांगितलं आहे. तेलाने काठोकाठ भरलेलं भांडं जसं न हिंदकळू देता सांभाळावं, तसं तिला सांभाळावं, असंही म्हटलं आहे. पण जी दुसऱ्याच्या रानात राबते, जात्यावर दळते, डोक्यावरून पाणी आणते, तिला असं कोण सांभाळणार? तिच्या वाट्याला ‘चालायचंच’ आलं.

शिवाय दुखणं सांगायचं तरी कुणाला? पुरुष डॉक्टरपुढे बायका बोलत नसत. आनंदीबाई जोशी यांचं पहिलं बाळ जन्मानंतर दहाच दिवसांत गेलं, तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. अमेरिकेला निघण्याआधी, १८८३ साली, श्रीरामपूर इथल्या (बंगालमधल्या, आपल्या नगरकडच्या नव्हे) भाषणात त्यांनी सांगितलं, की या देशाला बायकांना तपासणाऱ्या बायका डॉक्टर हव्यात. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधाला विषयही प्रसूतिशास्त्राचाच घेतला होता. त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आनंदीबाई गेल्या. पण बाईचं दुखणं बाईने ऐकण्याची वाट तोवर उघडली होती.

ऐकणारं कुणी मिळालं, तरी विसावा मिळत नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत पोटुशा बायका तासन्‌तास उभ्या राहून काम करत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ साली देशभरासाठी कायदा झाला. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. पण खुरपं घेऊन रोजाने जाणारी बाई या रजेच्या बाहेरच राहिली. तिची मजुरी बुडते, त्याची थोडी भरपाई म्हणून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये हप्त्यांनी मिळू लागले, तेही २०१७ पासून.

आता ती चमक येते कशाने, ते बघू. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनी दोरीसारखा एकेक पट्टा पुढे जांघेकडे उतरतो. एरवी मुठीएवढं असणारं गर्भाशय पाचव्या महिन्यात बेंबीपर्यंत पोचतं आणि हे पट्टे ताणले जातात. आपण झटकन उठलो, वळलो, खोकलो, की ते एकदम ओढले जातात आणि कळ येते. गर्भाशय बहुधा थोडं उजवीकडे कलतं, म्हणून उजवीकडे जास्त. ही कळ थोडाच वेळ टिकते आणि बाळाला तिचा धोका नसतो.

उतारा साधा आहे. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा आधार घेऊन सावकाश उठायचं. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं, की थोडं पुढे वाकून गुडघे दुमडायचे. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवून. दुखऱ्या जागी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ठेवावं, कढत नको. हंडा, पाटी, पोतं उचलायचं नाही. दुकानातली गोळी मनाने घ्यायची नाही.

पण आमच्या सभासदेचं एवढ्यावर थांबलं नाही. आठवड्याने तिला थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली. आशाताईंनी तिला दवाखान्यात नेलं. तिच्या लघवीत जंतुसंसर्ग निघाला. ताण खरा होता, पण त्याच्या आडून दुसरं दुखणं वाढत होतं. औषधाने ती बरी झाली. आम्ही मात्र खजील झालो. त्या दिवशी आम्ही तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हापासून गटात ठरलं आहे, की ‘चालायचंच’ म्हणण्याआधी चार प्रश्न विचारायचे. कळ थांबून-थांबून परत येते का, की विसावा घेऊनही राहत नाही? अंगावरून रक्त किंवा पाणी जातं का? ताप किंवा लघवीला जळजळ आहे का? बाळाची हालचाल कमी वाटते का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच दिवशी दवाखाना. गाडीसाठी १०२ किंवा १०८. काहीच त्रास नसला, तरी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवायची नाही.

आणखी एक ठरलं. आमच्या टोळीत जी पोटुशी असेल, तिला वाकायचं काम द्यायचं नाही. ती बसून शेंगा निवडेल आणि रोज मात्र सगळ्यांइतकाच घेईल. मुकादमाने कुरकुर केली, पण आम्ही बाराही जणी एका शब्दावर राहिलो. ती सभासद आता लेकीला कडेवर घेऊन बैठकीला येते आणि नव्या पोरींना ते चार प्रश्न तीच विचारते.

तुमच्या गटातही विचारा.