कुलूप सर्वांचे, दार एकाचे

बाजारात जावे, हव्या त्या दुकानातून कुलूप आणावे आणि आपल्या दाराला लावावे, यात कोणाला नवल वाटत नाही. कडीकोयंड्याचे माप सर्वांना ठाऊक असते. संगणकाच्या व्यवहारात अशा ठरलेल्या, जाहीर मापाला खुले मानक म्हणतात. ते सोडून एकाच कंपनीच्या मालावर सारा कारभार उभारला म्हणजे काय होते, हे दक्षिण कोरियाच्या अलीकडच्या इतिहासात पाहावयास मिळते.

श्रोतेहो, १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेचे निर्यातीचे नियम कडक होते. परदेशी जाणाऱ्या ब्राउझरमध्ये गुप्तलेखनाची किल्ली अवघी ४० बिटांची असे; ती फोडणे फारसे अवघड नव्हते. कोरियाला तर घरबसल्या बँकव्यवहार सुरू करावयाचे होते. तेव्हा तेथील माहिती-सुरक्षा संस्थेने १९९८ साली ‘सीड’ नावाची १२८ बिटांची स्वतःची पद्धत तयार केली, आणि १९९९ साली डिजिटल स्वाक्षरीचा कायदाही झाला. इथवर सारे कौतुकाचेच.

मग घोडे अडले कुठे? ब्राउझरला ‘सीड’ कळत नव्हती. म्हणून ती ‘ॲक्टिव्हएक्स’ या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राने जोडण्यात आली. ते चाले विंडोजवर, आणि तेही इंटरनेट एक्सप्लोररमध्येच. बहुतेकांच्या घरी तेच होते. त्यामुळे कोणी फारशी कुरकुर केली नाही.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने आपले नियम सैल केले. मूळ कारण गेले, पण व्यवस्था राहिली! बँका, दुकाने, सरकारी कचेऱ्या, सगळ्यांचा कारभार त्या एकाच दारातून चालू लागला. मॅक किंवा लिनक्स वापरणारा बाहेर ताटकळत राहिला. शिवाय लोकांना एक वाईट खोड जडली. ‘हे बसवू का?’ असे यंत्राने विचारले, की न वाचता ‘होय’ म्हणावयाचे. सुरक्षिततेसाठी केलेल्या सोयीनेच चोराला वाट दाखविली.

गंमत अशी, की ‘सीड’ स्वतः गुपित नव्हती. २००५ साली ती आंतरराष्ट्रीय मानकांतही आली. कुलूप खुले होते. बंद होते ते दार. आणि त्या दारावर सरकारी नियमांचा पहारा होता.

कोरिया विद्यापीठातील विधीचे प्राध्यापक किम की-चांग यांनी इतर ब्राउझरनाही प्रवेश मिळावा म्हणून २००७ साली दावा लावला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयातही ते हरले. पुढे मार्च २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनीच विचारले, की मालिकेतील नायिकेचा कोट परदेशी गिऱ्हाइकांना आपल्या दुकानांतून का घेता येत नाही? न्यायालयात जे साधले नाही, ते एका कोटाने सुरू झाले म्हणा ना! त्याच वर्षी ३ लाख वॉनवरील खरेदीसाठीची प्रमाणपत्राची सक्ती उठली. डिसेंबर २०२० मध्ये जुन्या प्रमाणपत्राचे खास स्थान कायद्यातून गेले. १५ जून २०२२ रोजी खुद्द मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केले.

तात्पर्य काय? सरकारने कुलूप किती मजबूत हवे ते जरूर सांगावे. कोणाच्या कारखान्यातले दार घ्यावे, हे सांगू नये. तेवढा एक विवेक सुटला, आणि दोन वर्षांची अडचण भागविण्यासाठी केलेली सोय वीस वर्षे एका राष्ट्राच्या मानगुटीवर बसली.