पिंड, पद आणि सनद

‘वारसा’ हा शब्द साहित्यचर्चेत आपण फार सैलपणे वापरतो. अमुक कवीने तमुक परंपरेचा वारसा चालवला असे म्हणताना वारस कोणी ठरवला, कोणत्या नियमाने ठरवला आणि ज्यांना तो मान्य नव्हता त्यांचे काय झाले, हे प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाहीत. राजपदांच्या इतिहासात मात्र ते टाळता येत नाहीत. तेथे वारसा ही भाववाचक गोष्ट नसते; तिच्यावर गावे, किल्ले, फौजा आणि माणसांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून या लेखात आम्ही दोन पदांचा वारसा शेजारी ठेवून पाहणार आहोत. एक, रायगडावर निर्माण झालेले छत्रपतिपद. आणि दुसरे, त्या पदाची सातारची गादी खालसा करणाऱ्या लॉर्ड डलहौसीचे स्वतःचे सरदारपद. या दोहोंची गाठ पडते इ.स. १८४८ मध्ये, पण गोष्टीचा आरंभ होतो तो भीमेच्या काठी, वढू बुद्रुक येथे.

शिरूर तालुक्यातील या गावी छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुनी अमावास्येला, तुळापूरच्या परिसरात औरंगजेबाच्या छावणीत त्यांची हत्या झाली आणि त्यांचे अंत्यसंस्कार वढूला झाले, अशी परंपरा आहे. धर्मशास्त्राप्रमाणे अग्नी देण्याचा आणि पिंडदानाचा पहिला अधिकार पुत्राचा. पण महाराजांचे पुत्र शाहू त्या वेळी सात वर्षांचेही नव्हते आणि ते येसूबाईंसह रायगडावर होते. तेथून वढूला येणे अशक्यच होते. तेव्हा एका छत्रपतीचे उत्तरकार्य त्याच्या वारसाने केले नाही. बादशाही छावणीच्या सावलीत राहणाऱ्या गावकऱ्यांनी केले. पदाचा वारस एकीकडे आणि उत्तरकार्य करणारे हात दुसरीकडे, अशी ही फारकत आहे. पुढील दीडशे वर्षांत हीच फारकत वेगळ्या रूपात परत येते, आणि त्या वेळी ती कायद्याच्या भाषेत बोलते.

येथे ‘पिंड’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. मराठीत त्याचे दोन अर्थ जवळजवळ नांदतात. एक, श्राद्धातील भाताचा गोळा. दुसरा, देह किंवा प्रकृती. वारसाहक्काच्या शास्त्रात या दोन अर्थांवरून दोन पंथच झाले. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ‘सपिंड’ म्हणजे एका देहाचे अंश वाटून घेणारे, असा अर्थ घेतला. बंगालच्या जीमूतवाहनाने दायभागात वारसाचा क्रम लावला तो पिंडदानाने मृताला मिळणाऱ्या पुण्यावर. महाराष्ट्रात मिताक्षरा आणि तिच्या जोडीला नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख प्रमाण मानला गेला. म्हणजे आपल्याकडे दायाचा पाया देहसंबंध हाच होता. तरीही पुत्र नसेल तर तो ‘करता’ येतो, याविषयी कोणत्याही पंथाला शंका नव्हती. विधिपूर्वक दत्तक घेतलेला मुलगा जन्मकुळातून निघतो, नव्या कुळात जन्मल्यासारखा होतो, पिंड देतो आणि दायही घेतो. कर्तव्य आणि हक्क ही एकाच दोरीची दोन टोके होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे नीलकंठभट्ट आणि १६७४ मध्ये शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट एकाच घराण्यातले, मूळ पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेले. पद निर्माण करणारा विधी आणि त्याचा वारस ठरवणारे शास्त्र ही दोन्ही एकाच विद्वत्कुळातून आली.

छत्रपतिपदाचे वेगळेपण त्याच्या उगमात आहे. ते कोणा वरिष्ठ सत्तेने बहाल केलेले नव्हते. बादशाही फर्मानातून आलेली ‘राजा’ ही पदवी आणि अभिषेकातून आलेले छत्र यांतला फरक एकाच माणसाच्या आयुष्यात पाहता येतो. रायगड पडल्यावर कैदेत गेलेल्या शाहूंना औरंगजेबाने राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब दिली. आणि सुटका झाल्यावर १२ जानेवारी १७०८ रोजी त्याच शाहूंनी साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला. पहिला मान देणाऱ्याला तो काढूनही घेता आला असता. दुसऱ्याचे तसे नव्हते.

अर्थात उगम स्वयंभू असला म्हणून वारसा सरळ झाला, असे नाही. संभाजी महाराज कैदेत जिवंत असतानाच, फेब्रुवारी १६८९ मध्ये, रायगडावर राजाराम महाराजांचे मंचकारोहण झाले. गादी रिकामी राहू नये, ही त्या प्रसंगाची निकड होती. ते शाहूंच्या वतीने बसले की स्वतःच्या हक्काने, हा पुढील सर्व वादाचा गाभा आहे. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवले; १७०७ मध्ये शाहू परतले तेव्हा त्यांच्याशी खेडला लढाई दिली; आणि अखेर १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन गाद्या परस्परांना मान्य झाल्या. शाहूंना पुत्र राहिला नाही. १७४९ मध्ये त्यांच्यानंतर रामराजे दत्तक म्हणून आले. हा आपला नातू असे ताराबाईंनी आधी सांगितले आणि वर्षभरातच त्याला तोतया ठरवले. रामराजांनाही पुत्र नव्हता. १७७७ मध्ये वावीच्या भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक येऊन दुसरा शाहू झाला. त्याचा थोरला मुलगा प्रतापसिंह.

या साखळीत औरस कमी, दत्तक अधिक; संशय आहे, कैद आहे, बाईंचे राजकारण आहे, पेशव्यांचा धाक आहे. उत्तर पेशवाईत तर सातारचे छत्रपती किल्ल्यावर जवळजवळ नजरकैदेतच होते. तरी पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच येत. सत्ता पुण्यात असली तरी तिची वैधता त्या दुबळ्या गादीतूनच घ्यावी लागे. दत्तकाने ती गादी पातळ झाली आहे, असे मात्र कोणी म्हणाले नाही.

हे प्रथम म्हटले कंपनी सरकारने. १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना सातारचे राज्य देण्यात आले, आणि त्या तहात वारस व उत्तराधिकारी यांचा उल्लेख होता. १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले गेले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी अनेक वर्षे लंडनमध्ये झगडत राहिले. गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसी हिंदुस्थानात येऊन तेव्हा तीनच महिने झाले होते.

डलहौसीचा युक्तिवाद नीट पाहिला पाहिजे, कारण त्याला केवळ हाव म्हणून निकालात काढणे सोपे आहे. मुलूख सलग होईल, महसूल वाढेल, हा हिशेब त्याने मांडला होताच. पण त्याचे कायदेशीर म्हणणे असे : सातारचे राज्य ही ब्रिटिश सरकारची निर्मिती, निर्मात्याच्या संमतीवाचून केलेला दत्तक खाजगी मालमत्तेला वारस होईल, राज्याला होणार नाही. म्हणजे दत्तक पुत्राने पिंड द्यावा, श्राद्ध करावे, घरातले दागदागिने घ्यावेत. पद मात्र देणाऱ्याकडे परत जाईल. वाद दत्तकाचा दिसत असला तरी खरा प्रश्न पदाचा उगम कोणता, हा होता. तो १६७४ चा अभिषेक असेल तर दत्तकाला बाहेरच्या परवानगीची गरज नाही. तो १८१९ चा तह असेल तर छत्रपती हा सनदी सरदार ठरतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तक मान्य करावा असे आग्रहाने मांडले. कंपनीच्या संचालकांनी डलहौसीचे ऐकले.

ही कल्पना डलहौसीने कोठून आणली? ती त्याच्या घरातच होती. ब्रिटिश सरदारपदाचा वारसा ज्या सनदेने पद निर्माण होते तिच्या शब्दांवर चालतो. लेटर्स पेटंट नावाच्या या सनदेत पद कोणाकडे उतरेल ते लिहिलेले असते. बहुधा ‘देहापासून झालेले पुरुष वारस’ एवढेच. तशी शाखा संपली की पद लुप्त होते. दत्तकाला तेथे जागा नाही. २००४ मध्ये राजाज्ञेने दत्तक मुलांना सरदारपुत्रांची सन्मानदर्शक संबोधने वापरण्याची मुभा मिळाली, पण पदाचा वारसा तेव्हाही मिळाला नाही. विज्ञानेश्वराचा ‘देह’ आणि इंग्रजी सनदेतला ‘देह’ वरवर एकच वाटतात. फरक एवढाच, की विज्ञानेश्वराच्या देशात विधीने नवा देहसंबंध जोडता येत होता.

जेम्स रॅमसे हा डलहौसीचा दहावा अर्ल. ही अर्लकी १६३३ ची. पंजाब खालसा केल्याबद्दल ऑगस्ट १८४९ मध्ये त्याला मार्क्विस ही वरची पदवी मिळाली आणि तिच्या नावात पंजाबही गुंफला गेला. ज्या वर्षाच्या आरंभी संचालकांनी साताऱ्यावर शिक्कामोर्तब केले, तेच हे वर्ष. १८५६ मध्ये तो परतला आणि १९ डिसेंबर १८६० रोजी वारला. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्विसपद त्याच्याबरोबर संपले. अकरा वर्षे टिकले. जुनी अर्लकी मात्र पूर्वजांच्या पुरुषशाखेतून चुलतभावाकडे, फॉक्स मॉलकडे, गेली. तोही १८७४ मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा दुसऱ्या चुलत्याच्या शाखेत उतरली. यात कोणी काव्यगत न्याय पाहील. आम्हांस त्यात सुसंगती दिसते. डलहौसीने साताऱ्याला जो नियम लावला तो त्याच्या स्वतःच्या पदालाही लागू होता, आणि तो त्याला अन्याय वाटला नसता. चूक ही की एका देशाच्या सनदी पदाचा नियम त्याने दुसऱ्या देशाच्या अभिषिक्त पदाला निसर्गनियम म्हणून लावला.

तो निसर्गनियम नव्हता, हे ब्रिटिश इतिहासच दाखवतो. शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना मुलगा नव्हता. त्यांच्या १९४६ आणि १९४७ च्या सनदांत पद मुलीकडे जाण्याची खास तरतूद केली गेली, आणि १९७९ मध्ये त्यांची थोरली कन्या काउंटेस झाली. राजसत्तेच्या मनात असले की सनदेतला ‘देह’ही लवचीक होतो. हिंदुस्थानातही ते मन लवकरच बदलले. १८५७ च्या उठावानंतर लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनिंग स्वतः निपुत्रिक वारला आणि त्याची अर्लकी लुप्त झाली. इतरांना जो मार्ग त्याने लिहून दिला तो त्याच्या स्वतःच्या पदाला उपलब्ध नव्हता.

या सनदांचे मोल कोल्हापूरकडे पाहिले की कळते. १८६६, १८७१ आणि १८८४ असे तिथे लागोपाठ तीन छत्रपती दत्तक आले. तिसरे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव, म्हणजे राजर्षी शाहू. साताऱ्याचा निवाडा कोल्हापूरला लागला असता, तर १९०२ चा राखीव जागांचा जाहीरनामा काढायला त्या गादीवर कोणी नसते. मात्र हेही विसरता येत नाही, की शाहूंचा हक्क आता अभिषेकाबरोबर ब्रिटिश मान्यतेवरही उभा होता. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता रद्द केली तेव्हा मान्यतेचा हा शेवटचा कागदही संपला. त्यानंतरही महाराष्ट्रात ‘छत्रपती’ या शब्दाचे वजन उरले, ते कोणत्याही सनदेतून आलेले नाही.

आता पुन्हा वढूकडे. महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी तेथे एकाहून अधिक परंपरा सांगितल्या जातात. एका परंपरेत गोविंद गोपाळ महार यांचे नाव आहे. दुसरीत शिवले घराण्याचे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस या स्मृतीवरून, एका फलकाच्या निमित्ताने, गावात तणाव झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला. पदासाठी कोणी भांडत नव्हते. वाद होता तो उत्तरकार्याच्या मानाचा; डलहौसीने दत्तक पुत्राला बिनमोल समजून जो सोडून दिला, त्या पिंडाचा. ज्यांना पदाच्या वारशात कधीच स्थान नव्हते, त्यांच्यासाठी इतिहासात आपले नाव असण्याचा तोच एक पुरावा असतो, म्हणून त्याची किंमत एवढी.

संभाजी महाराजांवरील मराठी साहित्य या नजरेने पुन्हा वाचावे, असे आम्हांस वाटते. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’चे शीर्षकच रक्ताच्या वारशाचे रूपक आहे, वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ बापलेकांच्या ताणावर उभे आहे. औरस पुत्राची गोष्ट आपल्या लेखकांनी समरसून सांगितली. ज्या दत्तकांनी ही गादी पुढे नेली त्यांची आणि ज्या गावकऱ्यांनी छत्रपतीला अग्नी दिला त्यांची गोष्ट मात्र आपल्या वाङ्मयात त्या मानाने फार थोडी आली आहे. वर्गात ‘वारसा’ हा शब्द फळ्यावर लिहिताना निदान एवढे तरी विचारावे, की येथे पद कोणाला मिळाले आणि पिंड कोणी दिला.