पळसाच्या वाटेने

दिवाळीचा फराळ डब्यात आहे तोवरच फाल्गुनातल्या सहलीचा बेत आखून ठेवावा. लोहाऱ्याहून दारव्ह्याची वाट धरायची की पांढरकवड्याकडे वळायचे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. पळस दोन्हीकडे भेटेल. पाने झडलेली आणि अंगभर केशरी फुले.

पण नुसते पाहून पुढे जाऊ नये. या झाडाला इतिहास आहे. बंगालातील पलाशी गावाचे नाव पळसावरूनच पडले. तेथे २३ जून १७५७ रोजी सिराजउद्दौला हरला आणि या देशात इंग्रजांचे पाऊल रोवले गेले. पुढे १७६२ मध्ये विलायतेचा पंतप्रधान झालेला लॉर्ड ब्यूट वनस्पतींचा मोठा शौकीन. शास्त्रज्ञांनी पळसाला त्याचेच नाव दिले: ब्यूटिया! मुलूख गेला, त्यापाठोपाठ झाडाचे नावही गेले. १८५३ मध्ये वऱ्हाडही कंपनीच्या हाती आले.

आमच्या शेतकऱ्याने मात्र ते नाव कधी उच्चारले नाही. त्याला पळस हवा तो पत्रावळीला, द्रोणाला आणि होळीच्या रंगाला. १८५६ मध्ये लंडनला पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला. तशा रंगांपुढे फुलांचा रंग मागे पडला. इंग्रज गेले, पुडीतला रंग राहिला.

तेव्हा वाचकहो, सहलीला एक पिशवी न्या. फांदी मोडू नका. बांधावर गळलेली फुले तेवढी वेचा आणि घरी पाण्यात उकळा. त्या रंगाने मुले भिजली, की पळसाला त्याचे नाव परत मिळाले म्हणायचे.