दीड माणूस

एळार राजाच्या पलंगाच्या उशाशी घंटा टांगलेली असे. तिची लांब दोरी बाहेर सोडलेली. न्याय हवा असेल त्याने ओढावी. चोळांच्या मुलखातून आलेल्या या राजाने इ.स.पू. दुसऱ्या शतकात लंकेतल्या अनुराधपुरात ४४ वर्षं राज्य केलं. त्याच्या मुलाच्या रथाखाली वासरू चिरडलं, तेव्हा गाईने दोरी ओढली आणि राजाने त्याच चाकाखाली मुलाचं मस्तक तोडवलं. एका म्हातारीचे वाळत घातलेले तांदूळ अवेळी पावसाने भिजले, तरी घंटा वाजली. पाऊस वेळेवर पडावा म्हणून राजा उपास धरून बसला.

हे लिहिलं पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, 'महावंस' या पाली इतिहासकाव्यात, महानाम थेरांनी. एळार परका आणि बौद्ध नसलेला. त्याला मारणारा सिंहली राजा दुट्ठगामणी हा तर ग्रंथाचा नायक. तरीही थेर लिहितात की एळार शत्रू-मित्र पाहून न्याय करत नसे. नगराच्या दक्षिण वेशीजवळ दोघे समोरासमोर लढले, एळार पडला. विजेत्याने त्याचं रीतसर दहन केलं, तिथे चैत्य बांधला आणि पूजेचा दंडक घातला; म्हणून पुढचे राजेही जवळून जाताना वाद्यं थांबवत. इतिहास लिहिताना शत्रूचं श्रेय इतक्या मोकळेपणाने देणं मला फार मोठं वाटतं.

आणि ग्रंथाच्या याच परिच्छेदात, म्हणजे अध्यायात, दीड माणसाची ती जागा येते. इतकी माणसं मारल्यामुळे दुट्ठगामणीला सुख लाभेना. आठ अर्हत आकाशमार्गे आले आणि म्हणाले, तू दीडच माणूस मारलास: नुसतं त्रिशरण घेतलेला अर्धा, पंचशील घेतलेला एक. बाकीचे पशूंसारखे.

मी नागपुरात पाली शिकवते. आमच्या घरी १९५६ साली धम्मदीक्षा झाली. माणसाला माणसात न मोजणं म्हणजे काय, हे आमच्या मागच्या पिढ्यांनी भोगलेलं आहे. म्हणून ही ओळ मी वर्गात गाळत नाही आणि सावरूनही घेत नाही. हा धम्म नव्हे, असं सरळ सांगते. जीव न घेण्याच्या पहिल्या शीलात कुणाचा अपवाद नाही. संयुत्त निकायात एक योद्धा बुद्धांना विचारतो, रणात मेलेला स्वर्गाला जातो ना? दोनदा बुद्ध टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात, नरकाला जातो.

अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंगातले मेलेले एक लाख मोजले, बंदी करून नेलेले दीड लाख मोजले, आणि त्या सगळ्यांचं दुःख आपल्या माथी घेतलं. 'महावंसा'त अशोकाची कथा सविस्तर आहे, पण कलिंगाचं युद्ध नाही. त्यात अशोक धम्माकडे वळतो तो निग्रोध नावाच्या लहान सामणेराला पाहून. पश्चात्ताप करणाऱ्या राजाचा तो नमुना ग्रंथात असता, तर अर्हतांच्या तोंडी दुसरे शब्द आले असते, असं मला वाटतं. श्रीलंकेतल्या १९८३ ते २००९ च्या यादवीत एळार आणि दुट्ठगामणी ही नावं तमिळ-सिंहली वैराच्या खुणा म्हणून वापरली गेली, तेव्हा त्या शब्दांची किंमत किती मोठी होती ते दिसलं.

पण 'महावंसा'च्या पुढच्याच परिच्छेदात थेरपुत्ताभय भेटतो. दुट्ठगामणीच्या दहा महायोद्ध्यांपैकी हा एक. विजयानंतर बक्षिसं वाटली जात असताना तो म्हणतो, माझं युद्ध अजून बाकी आहे. राज्य एक झालं, आता कुणाशी? राजा विचारतो. क्लेशांशी, मनातल्या विकारांशी, तो सांगतो आणि भिक्खू होतो.

राजा मरणाला टेकला, तेव्हा महाथूप या मोठ्या स्तूपापाशी जमलेल्या भिक्खूंत त्याने यालाच शोधलं. अठ्ठावीस लढायांतला सोबती आता पाठ फिरवतो की काय, असं त्याच्या मनात आलं. थेर आले. राजाने आपली पुण्याची वही वाचून घेतली. तिच्यात विहार होते, लोहप्रासाद होता, कोट्यवधींचं दान होतं. जिंकलेली लढाई एकही नव्हती. राजा म्हणाला, भरभराटीत दिलेल्या त्या दानांनी मन भरत नाही, संकटात दिलेली दोनच मनाला सुखावतात. एक, दुष्काळात कानातली कुंडलं देऊन पाच थेरांसाठी मिळवलेली आंबट कांगाची पेज. दुसरं, लढाई हरून पळताना स्वतः उपाशी असूनही एका भिक्खूच्या पात्रात वाढलेलं अन्न.