मंडणगड ते तेरेखोल : १९६७चा जनमत कौल
उत्तरेस मंडणगडपासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेल्या तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याला गोव्याची सीमा भिडलेली असल्यामुळे, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश, म्हणजे केंद्राच्या अधिपत्याखालील प्रदेश, राहावा, हा प्रश्न साऱ्या कोकणाचा होता. निवडक नमुन्यावरून लोकमताचा अंदाज बांधणाऱ्या चाचणीऐवजी संसदेने १९६६च्या कायद्याने प्रत्येक मतदाराला थेट विचारणारा जनमत कौल योजला. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या ‘फूल’ या चिन्हाला १,३८,१७०, तर संघप्रदेशाच्या ‘दोन पाने’ या चिन्हाला १,७२,१९१ मते मिळाली. त्याच वर्षी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्ता देणाऱ्या गोव्याने विलीनीकरण मात्र नाकारले. पक्षाला दिलेले मत म्हणजे त्याच्या प्रत्येक भूमिकेला संमती नव्हे, हे लोकशाहीचे मोलाचे सत्य या कौलाने सिद्ध केले.