चार दिवसांत झायन: हा लूप नक्की कुणी आखला?

इयरफोन लावणं शक्य नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना जे वाहवत गेलो ते थोडं छाटलंय, सगळं नाही.

टेक्ससमधून एका श्रोत्याचा मेसेज आला होता. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी, तिला शुक्रवारची एक रजा जोडली की चार दिवस. विमानाने लास वेगास, तिथून गाडी भाड्याने. झायन, ब्राइस कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यन, तिन्ही नॅशनल पार्क होतील का? वर्षाच्या बाकीच्या रजा डिसेंबरमध्ये घरी यायला राखून ठेवल्यात, त्यामुळे पाचवा दिवस मिळणार नाही.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचं हे गणित मला नवीन नाही, तुम्हालाही नसेल. मला रस वाटला तो वेगळ्या गोष्टीत. झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन हे त्रिकूट हल्ली प्रत्येक रीलमध्ये, प्रत्येक एक्सेल शीटमध्ये असतं. ते आलं कुठून? शोधायला बसलो तर त्यात एक रेल्वे कंपनी निघाली, एक बोगदा निघाला आणि एक कायदाही.

आधी सुट्टीबद्दल. १९०९ साली राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी युटामधल्या एका दरीला नॅशनल मॉन्युमेंट म्हणून संरक्षण दिलं. तेव्हा तिचं नाव झायन नव्हतं, मुकुंतुवीप होतं. त्या नावाकडे परत येऊ. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, याच टाफ्टसाहेबांनी जाहीरपणे मत मांडलं की माणसाला वर्षाला दोन-तीन महिने सुट्टी हवी, तरच तो पुढचं वर्ष नीट काम करू शकेल. दोन-तीन महिने! झालं काय? १९३८ साली अमेरिकेत किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा मोठा कायदा आला, पण त्यात पगारी रजेचा एकही दिवस सक्तीचा केला नाही. खासगी नोकरीत पगारी रजा द्यायलाच हवी असं सांगणारा केंद्रीय कायदा तिथे आजही नाही. कंपनी देईल तेवढी रजा.

मग लाँग वीकेंड कसा मिळाला? तोही कायद्याने. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली आणि १९७१ पासून मेमोरियल डेसकट काही सुट्ट्या तारखेवरून उचलून सोमवारी नेल्या. त्याआधी मेमोरियल डे ३० मेलाच असायचा, वार कुठलाही असो. म्हणजे आपल्या श्रोत्याचे चार दिवस हे कायद्याने बांधलेले तीन आणि स्वतःच्या खिशातला एक.

आता रस्त्याकडे. १९२० साली काही उत्साही लोक डेन्व्हरहून मोटारींनी निघाले आणि पश्चिमेकडची बारा नॅशनल पार्क जोडणारा प्रचंड मोठा फेरा मारून आले. अंतर सुमारे ५,००० मैल, म्हणजे ८,००० किलोमीटर, आणि बहुतेक रस्ता कच्चा. लागले ७६ दिवस. रोड ट्रिप या प्रकाराच्या सुरुवातीच्या काळात ती अशी होती: वेळ आणि पैसा दोन्ही असणाऱ्यांचा खेळ.

दक्षिण युटाकडे तर मोटारवाले फारसे फिरकतही नव्हते. तिथे माणसं आणली युनियन पॅसिफिक रेल्वेने. १९२३ मध्ये कंपनीने सीडर सिटी या गावापर्यंत रूळ टाकले. त्याच उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष हार्डिंग त्या लाइनवरून आले आणि पुढे मोटारीने झायनला गेले. (पाच-सहा आठवड्यांतच त्यांचं निधन झालं, पण त्याचा झायनशी काही संबंध नाही.) रेल्वेने एक उपकंपनी काढली, बसगाड्या घेतल्या आणि लॉज बांधले. झायन आणि ब्राइसचे लॉज १९२५ च्या सुमारास, ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावरचा १९२८ मध्ये. तिन्हींचा वास्तुरचनाकार एकच, गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड. प्रवासी रेल्वेतून उतरायचा, बसमध्ये बसायचा आणि झायन, ब्राइस, उत्तर कडा असं फिरून परत रेल्वेत चढायचा. बस निघताना लॉजचे कर्मचारी बाहेर उभे राहून निरोपाची गाणी म्हणायचे. नोकरीचाच भाग होता तो!

तर मंडळी, हे त्रिकूट म्हणजे रेल्वेचं टूर पॅकेज. आज आपण स्वतः बनवलेली आयटिनररी म्हणून मित्रांना पाठवतो ती. फरक एवढाच की त्या प्रवाशाला ड्रायव्हर होता, जेवण तयार असायचं आणि सोमवारी रात्री विमान पकडायचं नव्हतं.

या पॅकेजमध्ये एक अडचण होती. झायनची दरी पूर्वेकडून बंद. ब्राइसला जायचं तर आल्या वाटेने बाहेर पडून लांबचा वळसा. म्हणून १९२७ मध्ये डोंगर फोडायला घेतला. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा बोगदा मला फार आवडतो. नेहमीचा बोगदा दोन टोकांकडून खणत आत जातात. इथे इंजिनिअरांनी उभ्या कड्याच्या बाजूने आधी खिडक्या फोडल्या, त्या खिडक्यांतून आत शिरले आणि तिथून दोन्ही दिशांना खणत गेले. फोडलेला दगड त्याच खिडक्यांतून खाली दरीत ढकलला. ४ जुलै १९३० ला उद्घाटन झालं. लांबी १.१ मैल, म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या वर, आणि बोगदा-रस्ता मिळून खर्च १९ लाख डॉलरच्या आसपास. सुरुवातीला लोक त्या खिडक्यांपाशी गाडी थांबवून दरी बघायचे. आता थांबायला बंदी आहे, खिडक्या एकेक करून झर्रकन मागे जातात. १९८९ मध्ये तर मोठी वाहनं आली की समोरची वाहतूक रोखून त्यांना एकेरी सोडायची पद्धत पडली, कारण १९३० च्या गाडीसाठी काढलेलं वळण आजच्या बसला पुरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लेगसी सिस्टीम. काम करते, पण लोड वाढला की थ्रॉटल करावी लागते.

बोगद्याने फेरा जवळ आणला. आणि एक जागा फेऱ्याच्या बाहेर फेकली.

तिचं नाव पाइप स्प्रिंग. ॲरिझोनाच्या उत्तर टोकाला, कैबाब पायूट लोकांच्या राखीव भूमीच्या मधोमध एक झरा आहे. या कोरड्या मुलखात दक्षिणी पायूट लोक पिढ्यान् पिढ्या अशाच झऱ्यांच्या आणि व्हर्जिन नदीच्या आधाराने राहिले, मका लावला, शिकार केली. १८५० नंतर मॉर्मन वसाहतवाले आले, त्यांची गुरं आली, पाणी आणि गवत दोन्ही गेलं. १८७० च्या सुमारास तर पाइप स्प्रिंगच्या मुख्य झऱ्यावरच दगडी गढी बांधली. झरा भिंतींच्या आत, पायूट बाहेर. उपासमार आणि रोगांनी त्यांची संख्या भयंकर घटली.

१९२३ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांच्या पुढाकाराने ही गढी नॅशनल मॉन्युमेंट झाली. झायनहून उत्तर कड्याकडे जाणाऱ्या धुळीच्या रस्त्यावर प्रवाशांना सावलीचा, पाण्याचा थांबा हवा, हा त्यामागचा एक सरळ हिशेब. सात वर्षांनी बोगदा उघडला, गाड्या तिकडून जायला लागल्या आणि हा थांबा ओस पडला. आजही बहुतेकांच्या यादीत तो नसतो.

नावाचंही तसंच. मुकुंतुवीप हा पायूट शब्द जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७२ मध्ये नोंदवला. अर्थ ‘सरळ दरी’ असा सांगतात. १९१८ मध्ये तो बदलून झायन केला. स्थानिक मॉर्मन तसंच म्हणायचे हे एक कारण, आणि परक्या माणसाला मुकुंतुवीप उच्चारता येणार नाही, मग तो येणार कसा, हे दुसरं. मला हे कारण हास्यास्पद वाटतं. त्रिंबकेश्वर उच्चारता येणारी माणसं येतील की!

आता श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर. तिन्ही पार्क चार दिवसांत टिक होतील, पण माझं मत: ग्रँड कॅन्यन सोडा. नकाशावर फसू नका. उत्तर आणि दक्षिण कड्यांमध्ये पक्ष्याला १६ किलोमीटर, गाडीला सुमारे ३४०. उत्तर कड्यावरचा तो अंडरवुडचा लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळाला. ग्रँड कॅन्यनसाठी वेगळा लाँग वीकेंड काढा.

शुक्रवारी सकाळी वेगास सोडा. झायन २६० किलोमीटर, तीन तासांच्या आत. हा वेगही नवाच आहे बरं का. व्हर्जिन नदीच्या अरुंद घळीतून जाणारा आय-१५ हायवे १९७३ मध्ये खुला झाला. तोवर डोंगर चढून जुन्या रस्त्याने जावं लागायचं. शनिवार पूर्ण झायनचा. मुख्य दरीत सीझनमध्ये खासगी गाड्या नेता येत नाहीत, २००० पासून शटल बस आहे, म्हणून सकाळची पहिली गाठा. एंजल्स लँडिंगची १९२६ मध्ये पर्यटकांसाठी खोदलेली पायवाट चढायची असेल तर आधी परमिटच्या लॉटरीत नाव टाका. रविवारी बोगद्यातून ब्राइस, दोन तास. संध्याकाळचं आणि सोमवारी पहाटेचं ऊन त्या लाल सुळक्यांवर बघा. पायूट कथेत ते कोयोटीने दगड केलेले लोक आहेत.

आणि सोमवारी परतताना आल्या वाटेने येऊ नका. कनॅब, फ्रेडोनिया, मग पाइप स्प्रिंग. थेट रस्त्यापेक्षा फार लांब पडत नाही. तिथलं संग्रहालय पायूट जमात आणि पार्क सर्व्हिस मिळून चालवतात, म्हणजे गढीची गोष्ट भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळते. उघडण्याच्या वेळा मात्र आधी तपासा.

शेवटची सूचना, टाइमझोनने पोळलेल्या माझ्या तमाम बांधवांना. उन्हाळ्यात युटा हे नेवाडापेक्षा एक तास पुढे. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, त्यामुळे त्या काळात ते नेवाडाबरोबर. सोमवारी तुम्ही युटातून ॲरिझोनात, परत युटात, घळीपाशी पुन्हा ॲरिझोनात आणि मग नेवाडात जाल. फोन दिवसभर मागेपुढे उड्या मारेल. विमानाची वेळ वेगासच्या घड्याळात कागदावर लिहा आणि डॅशबोर्डला चिकटवा.